मावळे विरुद्ध बाजार

आमच्या देवासच्या घरात त्या पावसाळ्यात कोणी मोठ्यानं बोलत नव्हतं. कुकरच्या शिट्टीचा काय तो आवाज, आणि तीसुद्धा आई धावत जाऊन आवरती घ्यायची. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ अविनाश, दुसऱ्यांदा पीएमटीत, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत, नापास झाला होता. डॉक्टर व्हायचं त्यानं पाचवीत ठरवलं होतं, किंवा आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यासाठी ठरवलं होतं, आता सांगता येत नाही. निकाल लागला आणि श्रावणातल्या एका दुपारी बाबा त्याला मीठा तालाबवरून हाताला धरून घरी घेऊन आले. दोघांचेही कपडे छातीपर्यंत भिजलेले. बाबा काही बोलले नाहीत, आईनं काही विचारलं नाही. मी तेव्हा अकरावीत होते, मला कोणी काही सांगायचा प्रश्नच नव्हता, पण मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. दुसऱ्या दिवशी न्हाणीच्या दाराची आतली कडी निघाली होती. आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि कणीक मळता मळता, माझ्याकडे न बघता सांगितलं की अविला एकटं सोडायचं नाही. का, ते सांगितलं नाही.

त्या दिवसापासून आमचं घर पहाऱ्यावर होतं. आई शाळेत शिकवायची, बाबा कारखान्याच्या ऑफिसात, म्हणजे दुपारचा पहारा माझा. दादा भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा आणि मी दाराशी पुस्तक उघडून बसायची. पान काही उलटायचं नाही. त्याचा श्वास ऐकू आला नाही की मी उगीच काहीतरी आपटायची, मग तो कूस बदलायचा आणि माझा जीव भांड्यात पडायचा. तो हो-नाहीपलीकडे बोलत नव्हता. रविवारी बाबा त्याच्या आवडीचे पोहे-जलेबी आणायचे, वरून शेव भुरभुरून आई ताटली समोर ठेवायची, तो चार घास खायचा आणि आम्ही तिघं ते घास बघत बसायचो. मला त्याची कीव यायची आणि तितकाच रागही यायचा. माझं नाक मुळात शेंड्यावरच राग घेऊन जन्माला आलंय, असं आत्या म्हणायची. पण त्या दिवसांत राग गिळायचा हुकूम होता. मैत्रिणीकडे जायचं नाही, रेडिओ लावायचा नाही, निकाल, कॉलेज, पुढच्या वर्षीचं काही तोंडातून काढायचं नाही. एवढं जपून चालायचं की पाय दुखून यावेत.

नवरात्राच्या सुट्टीत आईनं आम्हा दोघांना धारला आत्याकडे धाडलं. हवापालट, असं आत्याला कळवलं होतं. तब्येत जरा उतरली आहे, एवढंच. खरं तिला कोणी सांगितलं नाही. आत्या बाबांची थोरली बहीण. तिचे सासरे धारच्या संस्थानात कारभारी होते आणि त्या कारभाराचं उरलंसुरलं वजन सगळं तिच्या आवाजात येऊन बसलं होतं. वैधव्य, भाड्याच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या, सगळं तिनं त्या आवाजावर निभावून नेलं. तिचं मराठी आमच्यासारखं नव्हतं. आम्ही हिंदी शाळेत शिकलेली, बोलायला फाडफाड आणि वाचायला बसलं की अडखळत. आजही हे लिहिताना ऱ्हस्व-दीर्घासाठी मला जावेला हाक मारावी लागते. आत्या मात्र "न्याहरी करून घे, मग केशसंभार आवर" असलं काहीतरी सहज बोलायची, आणि तिचाच मुलगा मुकुंद "मम्मी, मैं जा रिया हूं" म्हणून जिना उतरायचा.

हा मुकुंद बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत कामाला बसायचा. दुपारी तिथं कुत्रं फिरकत नसे. रिकामा बसून तो जगभरातलं काय काय वाचायचा, आणि त्यात त्याला एक खेळ सापडला होता. विलायतेत म्हणे टक्कल पडलेली, पोट सुटलेली, नोकरीधंद्याची माणसं बोटाएवढे सैनिक घेऊन टेबलावर लढाया खेळतात. मोठ्या फौजा नाहीत. दोन्हीकडे मोजकीच माणसं, प्रत्येकाला नाव, प्रत्येकाचा मार वेगळा, धीर वेगळा. मुकुंदनं मालकाची नजर चुकवून नियमांची पानं छापून आणली होती, आणि त्यातलं इंग्रजी अर्धं समजून, अर्धं आपल्या मनचं घालून खेळ सजवला होता. सैनिक कुठून आणायचे, हा प्रश्न त्यानं मराठी घरातल्या माणसासारखा सोडवला. आत्याचा दिवाळीच्या किल्ल्याचा डबा माळ्यावरून काढला.

ज्यांच्याकडे किल्ला करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीत आमच्याकडे पोरं अंगणात दगडमातीचा किल्ला करतात, त्यावर हळीव पेरतात, ते चार दिवसांत हिरवंगार होतं, आणि त्यावर मातीची रंगवलेली चित्रं मांडतात. इकडे माळव्यात ती मिळत नाहीत, कोल्हापूरकडचे कोणी आले की ट्रंकेत पेंढ्यात गुंडाळून आणायचे. डब्यात मावळे निघाले, कोणाचा भाला मोडलेला, कोणाचं नाक उडालेलं, एकाच्या हाती बंदूक. पण शत्रू एकही नाही. शत्रू कोण विकत घेणार? मावळे तटावर भाले रोखून वर्षानुवर्षं उभे, आणि समोर कोणी नाही. डब्यात बाकी जे होतं ते म्हणजे भाजीवाली, गवळण, वासुदेव, जात्यावर बसलेली बाई, तुतारीवाला आणि एक वाघ.

धारची गच्ची मला अजून डोळ्यांसमोर दिसते. तिथून किल्ल्याची खरी लाल भिंत दिसायची आणि खाली कोणीतरी कणसं किसत असायचं, त्याचा खरखर आवाज आणि मग फोडणीचा वास वर यायचा. मुकुंदनं विटा मांडल्या, तांदळाचं सूप उपडं घालून टेकडी केली आणि एका दोऱ्याला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्या. चाल एक वीत. चढावर अर्धी. बंदूकवाल्याला समोरचा माणूस दिसत असेल तरच बार टाकता येतो, आणि फासा सांगतो लागला की हुकला. माझे मावळे, मुकुंदची बाजारची माणसं. दादा खाटेवर पलीकडे तोंड करून पडलेला. मी खेळायला बसले होते ते केवळ त्याच्यावर डोळा ठेवता यावा म्हणून, नाहीतर असला पोरखेळ मला शोभण्यातला नव्हता. पण मुकुंदनं विटेआडून माझ्या बंदूकवाल्यावर वाघ सोडला आणि माझं टाळकं फिरलं. मी म्हणाले, वाघ माझ्या माणसाला आधीच दिसला होता, बार माझा. तो म्हणाला, विटेआड आहे, दिसतो कसा. आम्ही दोघं असे भांडलो की आत्यानं खालून विचारलं, कोण मेलं म्हणून.

"भिया, तू बता," मुकुंद खाटेकडे बघून म्हणाला. "दिख रिया है क्या?"

मी डोळ्यांनी त्याला दटावलं, की त्याला यात ओढू नको. दादा उठला, आमच्याजवळ आला, आणि गच्चीच्या तापलेल्या फरशीवर सरळ पालथा झोपला. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून, तो त्या बोटभर मावळ्याच्या उंचीवरून समोर बघत राहिला. "शेपूट दिसतंय," तो म्हणाला. "शेपटावर बार टाकता येत असेल तर टाक." महिन्या-दीड महिन्यात तो एवढं मोठं वाक्य बोलला नव्हता. मुकुंदला त्यातलं काही माहीत नव्हतं, तो आपला शेपटाचा नियम पानांत शोधत बसला. दादानं भाजीवालीला उचलून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला की ही माणसं मी घेतो.

मग त्या सुट्टीत रोज दुपारी गच्चीवर लढाई. दादा भाजीवालीला सरदार करायचा, वासुदेवाला टेहळणीला पाठवायचा, जात्यावरच्या बाईला वाटेत अशी बसवायचा की माझ्या मावळ्यांना वळसा पडावा. जिंकायचा. मी चरफडायची. जेवताना तो आमटी मागून घ्यायला लागला. दसऱ्यानंतर आम्ही देवासला परतलो तेव्हा मुकुंदनं चित्रांचा डबा आमच्या पिशवीत घातला, दोऱ्याची गाठी मारलेली गुंडाळी दादाच्या खिशात कोंबली, आणि दर रविवारी येण्याचं कबूल केलं. दादानं दिवाळीची वाट पाहिली नाही. कोजागिरीच्याच आसपास अंगणात तुळशीवृंदावनाशेजारी माती आणून टाकली आणि असा किल्ला बांधला की गल्लीतले लोक बघायला यायचे. बुरूज, खंदक, चोरवाट, खाली एक अख्खा बाजार. आणि त्या बाजारासाठी तो नवी माणसं करायला लागला. तळ्याकाठची काळी माती भिजवायची, काडीनं नाकडोळे काढायचे, सावलीत वाळवायचं, माझ्या जुन्या रंगपेटीतले रंग द्यायचे. चहावाला, टपालवाला, टेंपो ढकलणारा, छत्रीवाली मास्तरीण, ती हुबेहूब आई, आणि एक कंपाउंडर, हातात बाटली घेतलेला. कंपाउंडरकडे बोट करून कोणी काही म्हणालं नाही. दादानंच एकदा सांगितलं की याचा धीर सगळ्यांत जास्त आहे.

आता वाटेल की सगळं सुरळीत झालं. कुठलं! भीती तशीच होती, फक्त आता तिला किल्ल्याचा आकार आला होता. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून डाव बघायची. तिला चाल-फासा काही कळत नव्हतं, पण दादाची माणसं आडवी पडायला लागली की तिच्या हातातला झारा थांबायचा. एकदा त्याचा मोठा पराभव होता होता राहिला, त्या संध्याकाळी तो जेवला कमी. आईनं मला मागल्या दारी गाठलं. "शुभे, तू हरत जा ग," ती म्हणाली. "तुझं काय जातंय?" माझं काय जात होतं ते तिला कसं सांगणार? पण मी हरायला लागले. बंदूकवाला उघड्यावर ठेवायची, फासा चांगला पडला तरी चाल गाढवासारखी चालायची. दादाच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यानं एक डाव पाहिला, दुसरा पाहिला, मग फासे उचलून माझ्या ओंजळीत ठेवले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. दोन दिवस तसाच. त्या दोन दिवसांत मी काय भोगलं ते माझं मला ठाऊक. मला वाटलं, संपलं, पुन्हा तिथंच आलो.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीत गेले. समजूत घालायला गेले होते, पण आमची जीभ! मी म्हणाले की तुला हरवायला मला दोन फासे पुरे होतील, पण घरातले सगळे मला तुझ्यापुढे मान तुकवायला लावतात, आणि मला आता त्याचा वीट आलाय. बोलून गेले खरी. तो वळला. मग म्हणाला, "खरं खेळणार असशील तर येतो." त्या दुपारी मी त्याला धू धू धुतला. आई खिडकीत उभी राहून रडकुंडीला आली. तो हरला, उठला, हातपाय धुऊन आला आणि दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. आईचा माझ्यावरचा राग त्यानंतरही बरेच दिवस टिकला, पण मला तिनं पुन्हा हरायला सांगितलं नाही.

दिवाळी झाली. आत्या भाऊबीजेला आली ती तुळशीचं लग्न करूनच जाईन म्हणून राहिली. किल्ल्यावर शेवटची मोठी लढाई मांडली होती. रविवारी मुकुंद आला, तो आणि मी एका बाजूला, दादा एकटा एका बाजूला, आणि संध्याकाळ होऊन चित्रं दिसेनाशी झाली तरी डाव तुटेना. ठरलं की पुढच्या रविवारी इथूनच पुढे. कोण कुठं उभा आहे ते हलवायचं नाही. दादाची माणसं चोरवाटेनं बुरुजाच्या बुडाशी येऊन ठेपली होती, कंपाउंडर सगळ्यांत पुढे, आणि पुढली खेळी त्याची होती. तो आठवडा दादा रोज सकाळी उठून किल्ल्याभोवती फिरायचा, पालथा पडून बघायचा, दोऱ्यानं मोजायचा, आणि स्वतःशी हसायचा. आईनं ते हसणं पाहिलं आणि देवापुढे साखर ठेवली.

आणि त्याच आठवड्यात तुळशीचं लग्न आलं. गल्लीतल्या माळवी घरांतून देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, आदल्या दिवशी होऊन गेली होती, आमचं लग्न द्वादशीला. बाबांनी अर्धी रजा टाकली आणि दादाला विचारलं की ऊस आणायला येतोस का. तो निघाला. श्रावणानंतर पहिल्यांदा तो स्वतःच्या पायांनी बाजारात चालला होता. आई तिच्या शाळेत, मी माझ्या. घरात आत्या एकटी.

मी परतले तेव्हा अंगण सारवून झालं होतं. ओलं, गुळगुळीत, वृंदावनाला गेरू, कडेनं रांगोळी. किल्ला नव्हता. तुळशीच्या लग्नाआधी किल्ला मोडायचा, त्या मातीचा लग्नाला चौथरा करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत, आत्याच्या माहेरी चालत आलेली, म्हणजे आमचीच, फक्त आम्हाला तिचा विसर पडला होता. तिनं एकटीनं, या वयात, कुदळ घेऊन सगळा उपसला होता आणि घामाघूम होऊन पायरीवर चिंचा-आवळे निवडत बसली होती. आमचं काम आपण उरकल्याचं समाधान तिच्या तोंडावर होतं. मी चित्रं कुठायत म्हणून विचारलं. तिनं नळाखालच्या बादलीकडे बोट केलं. मंगलकार्य आहे, धुऊन पुसून डब्यात घालायची म्हणून भिजत टाकली होती. मी बादलीत हात घातला. कोल्हापूरचे मावळे भट्टीत भाजलेले, तेलरंगाचे, ते सगळे धडधाकट निघाले. भाजीवाली, वासुदेव निघाले. दादाची माणसं कच्च्या मातीची. बादलीच्या तळाशी काळा गाळ होता आणि माझ्या हाताला दोन काड्या लागल्या, कंपाउंडरच्या कण्याला घातलेल्या.

"आत्या, हे काय केलंस?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. ती काय झालं, काय झालं विचारत राहिली आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

दादाच्या खांद्यावर ऊस होते, पानांसकट. घामानं चेहरा लाल झालेला, बाबांशी काहीतरी बोलत येत होता. तो थांबला. अंगणाकडे बघितलं. बादलीकडे, माझ्या काळ्या हाताकडे बघितलं. मग त्यानं ऊस नीट, एकेक करून भिंतीला टेकवले. चपला काढल्या. आत गेला. आत्या त्याच्यामागून म्हणाली की अरे, पुढल्या वर्षी करता येईल की. बाबा माझ्याकडे बघत होते, मी बाबांकडे. मी आत गेले तेव्हा मागलं दार सताड उघडं होतं.

त्यानंतरची वेळ मला सलग आठवत नाही. बाबांनी स्कूटर काढली आणि ती सुरू होईना, लाथा मारून मारून शेवटी त्यांनी ती तिथंच टाकली. रुळांच्या धास्तीनं ते आधी स्टेशनकडे पळाले. आई शाळेतून आली, तिनं अंगण पाहिलं आणि विचारलं, "अवि?" आणि मग ती आत्याच्या समोर उभी राहून, पहिल्यांदाच, श्रावणातल्या त्या दुपारचं सगळं बोलली. एका दमात, आवाज न चढवता. आत्याच्या हातातलं सूप कलंडलं, आवळे अंगणभर घरंगळले. मी ते पूर्ण ऐकायला थांबले नाही. मला माहीत होतं कुठं जायचं. अनवाणी पळत सुटले. मराठी घरांपुढे ऊस उभारत होते, पोरं टिकल्या फोडत होती, कोणीतरी विचारलं, "क्या हुआ, बेटा?" आणि मी पळतच राहिले.

तो तालाबच्या पायरीवर होता. पाण्यापासून दोन पायऱ्या वर. मी थांबले. जवळ जावं तर तो उठेल, लांब राहावं तर मी पोचणार नाही, आणि मला पोहता येत नव्हतं. हळूहळू उतरत गेले आणि त्याच्या शेजारी बसले. धाप लागलेली लपवता येईना. त्याचा हात धरावा असं वाटत होतं, पण आमच्यात तसं कोणी कोणाचे हात धरत नाही.

"तुला भीती वाटते ना माझी?" तो पाण्याकडे बघत म्हणाला.

मी हो म्हणाले. आईनं शिकवलेलं दुसरं कुठलंही उत्तर मला त्या क्षणी आठवलं नाही.

"मलाही वाटायची. रोज. आज इथं येऊन बसलो, म्हटलं बघू. तर डोक्यात नुसती आत्या. सारखी आत्या. विचारायचं तरी होतं तिनं! ती कुदळ घेऊन उभी राहिलेली दिसते आणि अंगाची लाही होते. दुसरं काही सुचतच नाही."

मला रडूही येत होतं आणि संतापही. आई तिकडे जीव मुठीत धरून बसली होती, बाबा स्टेशनवर वेड्यासारखे फिरत असतील, आणि हा इथं बसून आत्यावर रागावत होता! मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की हा रागावलाय. रागावलाय! मी उठले आणि फडाफडा बोलले. "मग तिला जाऊन सांग ना. इथं पाण्याला काय सांगतोस? ती घरी बसलीये. ऊठ."

तो मग उठला.

आज दादा इंदूरला राहतो. त्याचा फोन आला की मोबाइल हातभर लांब धरावा लागतो, असा त्याचा आवाज, आणि राग आला की विचारूच नका. त्याची बायको मला म्हणते, तुमच्या भावाला हळू बोलता येत नाही का, लहानपणी कोणी शिकवलं नाही? मी तिला काय सांगणार! आत्या आता नाही. तालाबवरून आम्ही परतल्यावर त्या संध्याकाळी तिनं जे केलं ते सगळं कळूनसवरून केलं की तिचा तो स्वभावच होता, हे मी तिला विचारायला हवं होतं.

आम्ही फाटकातून आत आलो तेव्हा बाबा पोचलेले होते. आई पायरीवर. आत्या वृंदावनापाशी पाठ करून बसलेली. आम्हाला बघून आई उठायला लागली, पण दादा तिच्यापाशी थांबलाच नाही. तो थेट आत्यापुढे जाऊन उभा राहिला आणि ओरडला. असा ओरडला की समोरच्या मराठी घरातल्या मंगलाष्टका मध्येच तुटल्या. महिनाभर करत होतो मी ती माणसं, कोणाला विचारून हात लावलास, रीत म्हणे रीत, तुझ्या रितीच्या! मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता आत्या पाय धरेल, पोरा माझी चूक झाली म्हणेल, आणि तो पुन्हा गप्प होईल, आणि आपण सगळे पुन्हा पायांच्या बोटांवर चालायला लागू.

आत्या उठली. पदर खोचला.

"कच्च्या मातीची माणसं करतोस आणि मला ओरडतोस होय रे अव्या?" ती त्याच्याहून वरच्या पट्टीत कडाडली. "भाजायला काय झालं होतं तुला? आणि सांगायचं तोंडानं, की आत्या, मोडू नकोस! तोंड नव्हतं? चार महिने काय मूग गिळून बसला होतास?"

मग जी जुंपली ती जुंपली. तो एक म्हणाला की ती दोन. किल्ल्यावरून कुदळीवर, कुदळीवरून पीएमटीवर, जे नाव घरात कोणी काढत नव्हतं तेही तिनं काढलं आणि त्यानं त्याचंही ठणकावून उत्तर दिलं. गल्लीतली माणसं फाटकाशी गोळा झाली. बाबा लाजेनं अर्धे झाले आणि दोघांना आवरायला पुढे निघाले. आईनं त्यांच्या सदऱ्याची बाही धरून त्यांना मागे ओढलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

"बसा तुम्ही," आई म्हणाली. "ओरडू दे त्याला. आणि वन्संनाही ओरडू दे."